पाचशे नव्वदची मालवणी थाळी

मे महिन्यात दिवसातून दोनदा तरी हे वाक्य कानावर पडतं. "वहिनी, सुरमई थाळी साडेचारशे?" त्यातल्या 'साडेचारशे'ला जो हेल असतो, तो ऐकला की पुढचं मला तोंडपाठ आहे. ठाण्याचा माणूस असेल तर "आमच्याकडे तीनशेत मिळते" हे येणारच. मी म्हणते, "मिळत असेल हो, पण ती सुरमई आमच्याच बंदरावरून बर्फात बसून गेलेली असते." मग ते हसतात, बसतात, जेवतात. उठून गेलेलं गिऱ्हाईक सात वर्षांत तीन किंवा चार.

या जूनमध्ये मात्र तो हेल माझ्याच तोंडून निघाला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मालवणजवळ देवबागला आमची खानावळ आहे. सहा टेबलं, मागे तीन खोल्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर आम्ही सगळे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस ट्रॉलर किनाऱ्याला. बोटिंग, पॅरासेलिंग, किल्ल्यावरची बोट, सगळंच पावसाळ्यात थांबतं. आम्हीही चूल आवरती घेतो. कुणी पाव्हणा आलाच तर खाडीतलं काही मिळालं तर ते, नाहीतर सुकट नि कोंबडी. त्यामुळे आमची सुट्टी जूनमध्ये. आम्ही जायचो ते नातेवाइकांकडे. यंदा मुलांनी ठरवलं होतं, थीम पार्क. वर्गातली अर्धी मुलं जाऊन आलीत म्हणे.

कुठलं पार्क ते सांगत नाही. मी स्वतः जेवण विकते. एका दुपारच्या जेवणावरून कुणी माझं नाव इंटरनेटवर टांगलं तर मला आवडणार नाही, मग मीही तसं करू नये.

तुतारी एक्सप्रेसने कुडाळहून पनवेल, रात्री नणंदेकडे, सकाळी गाडी. आम्ही सहा जण: मी, हे, सासूबाई, आमची दोन आणि नणंदेची लेक. सासूबाईंनी पहाटे उठून नणंदेच्या ओट्यावर घावणे घातले होते, ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली होती आणि गावाहून आणलेले खटखटे लाडू वेगळ्या डब्यात. फाटकावर बॅगा उघडायला लावल्या. रखवालदार मुलगा अगदी नम्र होता, "आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही, इथे ठेवा, टोकन देतो." सासूबाईंनी डबा छातीशी धरला. "माजे घावणे काय बाँब आसत?" मागे रांग तुंबली. शेवटी मधुमेहाचं कारण सांगून बिस्किटाचा एक पुडा आत गेला, डबे बाहेर राहिले. टोकन नंबर ८८. ते टोकन त्यांनी दिवसभर मुठीत ठेवलं होतं.

आमचा भाचा वकिली शिकतोय, त्याला मी फोनवर विचारलं हे चालतं का. तो म्हणाला, सिनेमागृहांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०२३च्या जानेवारीत सांगितलंय की बाहेरचं खाणं अडवायचा मालकाला हक्क आहे, फक्त पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. पार्क म्हणजे सिनेमा नव्हे, पण सगळे तोच निकाल पुढे करतात. ऐकलं आणि गप्प बसले. माझ्याही खोल्यांत 'बाहेरचे जेवण आणू नये' अशी पाटी आहेच की.

पाण्याचं मात्र मला मनातून पटत नाही. आत नळ होते, दोन, तेही स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून, म्हणजे माणूस आपोआप बाटलीकडेच वळणार. आमचा सिंधुदुर्ग किल्ला बघा. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. ज्याला चारी बाजूंनी कोंडून ठेवायचंय, त्याच्या पाण्याची सोय आधी करावी हे १६६४ साली किल्ला बांधायला घेतला तेव्हा कळत होतं.

असो. साडेअकराला पॉपकॉर्न १८० आणि दोन कोल्ड्रिंकं १२०ची. तिथवर मी हिशेब ठेवत नव्हते, सुट्टीवर आहोत असं स्वतःला बजावत होते.

एकच्या सुमाराला पाऊस आला. आमच्याकडे येतो तसा, आधी वारा, मग एकदम पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. वीज चमकली तशी सगळी चक्रं, पाळणे थांबवले आणि हजारभर माणसं एकाच वेळी जेवणाच्या हॉलकडे धावली. आम्ही मघाशीच दारात उभे होतो म्हणून टेबल मिळालं. मी पाटी वाचायला लागले. 'कोस्टल मालवणी फिश थाळी, ५९०.' मी आवाज न चढवता म्हटलं, असं मला वाटत होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसले. "म्हण परत. पाचशे नव्वद? अगदी ठाण्याची वाटतेस."

मागवलीच. मला बघायचंच होतं. ह्यांना शाकाहारी थाळी ४३०, मुलांना बर्गर, फ्राइज आणि पेयाचे तीन कॉम्बो ३९० प्रमाणे, सासूबाईंना दहीभात २६०, आणि 'कोकम कूलर' नावाचं काहीतरी १५०. बेरीज २६००, वर पाच टक्के जीएसटी १३०. सत्तावीसशे तीस रुपये. माझ्या खानावळीत सहा सुरमई थाळ्या तेवढ्याला, वर तीस रुपये उरतात, म्हणजे एक ग्लास सोलकढी.

ताट घेऊन येणारा पोरगा आमचं बोलणं ऐकत होता. ताटं ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "काकी, तुम्ही मालवणची मा? मगे माशे घेव नका." सावंतवाडीकडचा निघाला. मी म्हटलं, "बाबा, आता ताट तर आलं की रे पुढ्यात." तो लाजला. गर्दी इतकी होती की त्याला उभं राहायला वेळ नव्हता, पण दोन खेपांच्या मध्ये त्याने सांगितलं ते असं: भाज्या, रस्से सगळं मागच्या मोठ्या किचनमध्ये पहाटे होतं, इथे फक्त गरम करून वाढतात. एक ते तीन श्वास घ्यायला फुरसत नाही आणि पावसातल्या मंगळवारी हॉलमध्ये माशा मारतो.

आता त्या ताटाकडे जरा नीट बघू या.

कढीपत्ता टाकलेल्या नारंगी रश्शात दोन पांढरे चौकोनी तुकडे. कातडी नाही, काटा नाही, मधलं हाड नाही. बासा. गोठवलेल्या पाकिटातून येतो, बारा महिने एकाच भावाचा. मी त्या आचाऱ्याला दोष देणार नाही. जून महिना, बंदी चालू, ताजी सुरमई तो आणणार कुठून? आणि हजार माणसांच्या गर्दीत एखाद्या पोराच्या घशात काटा अडकला तर धावपळ कुणी करायची? त्याच्या जागी मी असते तर मीही बासाच घेतला असता. पण रस्सा? मालवणी रश्शात खोबरं आधी भाजलेलं तरी असतं नाहीतर ओलं वाटलेलं तरी, मसाल्याचा वास चमचा उचलायच्या आधी येतो. तिरफळ राहू दे, ते सगळ्यांना झेपत नाही. इथे आलं ते टोमॅटो-कांद्याचं वाटण, पंजाबी ग्रेव्ही असते तेच, वर नारळाच्या दुधाची एक धार. पनीर टाकलं असतं तर पनीर मसाला झाला असता. सासूबाईंनी माझ्या ताटातला एक तुकडा चाखला. "काटो नाय, वास नाय. ह्यो मासो काय पनीर?"

आणि सोलकढी. वाटी छोटी, रंग गडद गुलाबी, लग्नातल्या आइस्क्रीमसारखा. आमच्या कढीचा रंग फिकट असतो, कोकमाचं आगळ पडलं की दूध लाजल्यासारखं दिसतं तेवढाच. तिला खालून लसणाचा झणका हवा, वर कोथिंबीर. हिला नुसती आंबट गोडी, आणि तळाशी पांढरा साका. म्हणजे नारळाची पावडर. 'कोकम कूलर'मध्ये तर कोकम शोधावं लागत होतं. साखरेचा पाक, सोडा, पुदिन्याची दोन पानं. परसातल्या रातांब्यांचं आगळ मी दर वर्षी बाटल्यांत भरते, मला ते १५० रुपये जरा जास्तच लागले.

दहीभात मात्र उत्तम होता. मऊ भात, ताजी हिंग-मोहरीची फोडणी, डाळिंबाचे चार दाणे. सासूबाई शेवटचं शीत संपवून म्हणाल्या, "भात बरो आसा." त्यांच्या तोंडून हे निघालं म्हणजे शिफारसपत्रच. मुलांनी बर्गर आवडीने खाल्ले, फ्राइजवरून भांडली. माझी लेक म्हणाली, "आई, तू प्रत्येक गोष्ट काय चाखून बघत बसतेस, खा ना." बरोबर होतं तिचं.

मी तिथे बसून हिशेबच करत होते. माझ्या साडेचारशेचा. मे महिन्यात लिलावात मोठी सुरमई हजाराच्या पुढे गेली होती. डोकं, शेपटी जाऊन किलोच्या सात चांगल्या तुकड्या पडतात, म्हणजे ताटातली तुकडीच दीडशेच्या घरात. नारळ पन्नाशीला टेकलेला, दोन ताटांना एक. तांदूळ, तेल, मसाला, गॅस पन्नास. वाढायला आणि भांड्यांना दोन बायका, त्यांची मजुरी ताटामागे साठ. वीज, बर्फ, टेबलांची डागडुजी, पंचायतीचा कर धरून चाळीस. राहतात सव्वाशे. हे सव्वाशे गिऱ्हाइकाला दिसतात आणि तो म्हणतो, वहिनी, लुटता. त्याला हे दिसत नाही की माझ्या मे महिन्याच्या थाळीत जून-जुलैची पेज असते. आणि तो पोरगा म्हणाला तसं, त्यांच्या शनिवारच्या थाळीत पावसातला मंगळवार असणार. हे मला कबूल आहे. तुमच्या चक्रापाळण्यांचं कर्ज, साफसफाई, एसी, सगळं त्या ५९० मध्ये असू दे.

खरं सांगायचं तर त्या हॉलमध्ये आम्ही पावणेतीन तास बसलो. बाहेर धो धो, आत पंखे, कोरड्या खुर्च्या. सासूबाईंचे गुडघे सकाळपासून बोलत होते, त्यांनी चप्पल काढून पाय शेजारच्या खुर्चीवर घेतले आणि चक्क डुलकी काढली. कुणी उठवायला आलं नाही. ते पैसे जेवणाचे नव्हते, खुर्चीचं भाडं होतं, आणि त्या दिवशी ते भाडं मला महाग वाटलं नाही. माझं भांडण रकमेशी नाहीच. खुर्चीचं, पावसाचं, मंगळवाराचं सगळं काढून घेतल्यावर वाटीत काहीतरी उरायला हवं ना. निदान वर 'मालवणी' तरी लिहू नका. 'फिश करी-राइस' लिहा, मी मुकाट्याने खाईन.

वाटीत का उरत नाही, तेही मला ठाऊक आहे, कारण तो मोह मलाही होतो. पर्यटक परत येईलच असं नाही. आज जेवला, उद्या गोव्याला गेला. एका ३१ डिसेंबरला साठ माणसं बाहेर उभी होती, नारळ संपत आले होते, आणि मी कढीत पाणी वाढवलं. एकदाच. पुण्याची एक दहा-बारा वर्षांची मुलगी ग्लास ठेवून आईला म्हणाली, "कालची छान होती." ती आदल्या दिवशीही जेवून गेली होती हे माझ्या लक्षातच नव्हतं. तेव्हापासून नारळ संपले की कढी संपली, असं फळ्यावर लिहिते.

मागे एकदा आमच्या खोलीत कॅलिफोर्नियातलं एक जोडपं उतरलं होतं, मूळचे चिपळूणकडचे. पावसामुळे अडकले आणि रात्रभर गप्पा. त्यांनी एक गोष्ट सांगितली होती ती त्या हॉलमध्ये आठवली, घरी येऊन लेकीला शोधायला लावली. तिकडे ब्युएना पार्क नावाच्या गावी वॉल्टर नॉट म्हणून शेतकरी होता, रस्त्याकडेला बेरी विकायचा. १९३४ साली मंदीच्या दिवसांत त्याची बायको कॉर्डेलिया हिने आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्या काढून आठ जणांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं, ताट ६५ सेंटला. लोकांना इतकं आवडलं की काही वर्षांत दाराशी तासन् तास रांगा लागायला लागल्या. मग रांगेतल्या माणसांचा वेळ जावा म्हणून वॉल्टरने १९४० पासून शेजारी जुन्या खाणवस्तीसारखं गाव उभारायला घेतलं. त्यातून नॉट्स बेरी फार्म हे थीम पार्क झालं. कुंपण घालून आत शिरायचे पैसे घ्यायला लागले ते १९६८ साली. कॉर्डेलियाचं जेवणघर अजून चालू आहे, आणि ते फाटकाच्या बाहेर आहे. नुसती कोंबडी खायची तर तिकीट लागत नाही.

आधी ताट, मग पाळणे! ह्यांना ही गोष्ट भलतीच आवडली. आमच्या अंगणात सुरूच्या दोन झाडांमध्ये जुन्या जाळ्याचा एक झोपाळा आहे, टेबल रिकामं होईपर्यंत माणसं त्यावर बसून रील काढतात. हे म्हणाले, "म्हणजे आपलं निम्मं पार्क झालंच की."

त्याच जोडप्याने हेही सांगितलं होतं की डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत नेता येतो, काचेची बरणी आणि दारू तेवढी चालत नाही. आणि तिथल्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर पेला फुकट मिळतो. ते ऐकून मी तेव्हा म्हटलं होतं, मग त्यांचं जेवण कोण घेतं? तर म्हणे भरपूर घेतात. १९६७ पासून तिथे एक जेवणघर आहे, समुद्री चाच्यांच्या बोटसफरीच्या आतच. अंधारात दिवे, पाण्याकाठी टेबलं, समोरून बोटी जातात. लोक आधीपासून टेबल राखून ठेवतात. डबा आणायची मुभा असतानाही माणूस पैसे देऊन बसतो, म्हणजे तिथे काहीतरी असणार.

पाऊस थांबल्यावर मुलं परत पाळण्यांवर. साडेपाचला तीन चहा ७०चे आणि तीन मक्याची कणसं १२०ची. यातलं काहीही विकत घेऊ नका. चहा डिप-डिपचा, आणि कणीस आमच्या बाजूला कुणी ३० च्या वर बोललं तर लोक हसतील. दिवसभरात खाण्यावर गेले ३७२०. परत गेलो तर मी काय करीन? सकाळी बाहेर पोटभर पोहे-मिसळ खाऊन आत शिरीन. बारा वाजायच्या आत नाहीतर तीननंतर एकदाच बसून जेवीन, दहीभात किंवा डाळखिचडी, म्हणजे जे बिघडवणं अवघड असतं ते. चालता चालता घ्यायचं काहीच घेणार नाही. आणि मुलांना त्यांचा बर्गर घेऊ देईन, त्यावरून त्यांचं डोकं खाणार नाही.

सातला बाहेर पडलो. टोकन ८८ दिलं, डबे मिळाले. गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंनी झाकण उघडलं. मला वाटलं आता घरच्या जेवणाचा विजय. घावणे चामड्यासारखे झाले होते, आणि चटणी आंबून वर बुडबुडे. बारा तास दमट हवेत ओलं खोबरं दुसरं काय करणार? चटणी खिडकीतून जाऊ दिली नाही मी, नणंदेच्या कचऱ्यात टाकली. लाडू तेवढे शाबूत होते, ते मुलांनी पनवेल येईपर्यंत संपवले.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत होत्या. मग रिकामा डबा पिशवीत घालताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेक लाडू वटीत बांधून नेतलंय. थंय कोण हात घालता ता बघतंय."